शिट्टी वाजली की हात सोड

बांधकामावर तिला कुणी नावाने हाक मारत नसे. 'वरचीला सांग', 'वरची जेवली का', 'वरचीचं डोकं आज ठिकाणावर दिसत नाही', असं चालायचं. टॉवर क्रेनच्या माथ्याशी, काचेच्या एवढ्याशा खोलीत ती दिवसभर एकटी बसे, तेव्हा नाव चुकीचं होतं असंही नाही. सकाळी एकदा शिडी चढून गेली की जेवण वरच आणि बाकीचं सगळंही वरच. त्या 'बाकीच्या'वर खाली बरेच विनोद होत. तिने ते कधी मनावर घेतले नाहीत, कारण विनोद करणाऱ्यांच्या डोक्यावरून दिवसभर वजनं तीच नेत होती.

खोलीत एक खुर्ची, दोन हातांना दोन दांडे, एक वॉकीटॉकी आणि आईने शिवून दिलेली उशी, एवढाच संसार. डाव्या दांड्याने क्रेनचा लांब हात फिरायचा, उजव्याने आकडा खालीवर व्हायचा. खाली उभा राहून तिला इशारे करायचा तो तिचा सख्खा थोरला भाऊ, दादा. तो आधी स्वतःच वर बसत असे. कानाचं दुखणं झालं, उंचावर गरगरायला लागलं, तसा तो खाली आला आणि बरीच खटपट करून त्याने बहिणीला वर चढवलं.

पहिल्या दिवशी त्याने तिला बाकी काही शिकवायच्या आधी एकच गोष्ट शिकवली. शिट्टी वाजली की हात सोड. का वाजली, कुणी वाजवली, ते नंतर विचार. दांडे सोडले की ते आपसूक मधोमध येतात आणि क्रेन जागच्या जागी थांबते. क्रेनवर हात सोडण्याइतकं सुरक्षित दुसरं काही नाही. दादाने हे तिच्या हातांत इतकं मुरवलं की ते मेंदूची परवानगी घ्यायचे बंद झाले. एकदा ती बाजारातून येत असताना चौकातल्या पोलिसाने कुणा भलत्याच गाडीवाल्यासाठी शिट्टी मारली आणि हिच्या दोन्ही हातांतल्या पिशव्या धाडकन खाली. टोमॅटो रस्ताभर पसरले. पोलीस बिचारा वाहतूक थांबवून ते गोळा करू लागला.

आता एवढं सगळं बरं चाललेलं असताना हिला लष्कराचं हेलिकॉप्टर चालवायचं खूळ कुठून लागलं, असं घरात सगळ्यांनीच विचारलं. खूळ काही एका दिवसात लागलं नव्हतं. नदीपलीकडे लष्कराचा तळ होता आणि तिथली हेलिकॉप्टरं रोज तिच्या काचेसमोरून जात, अगदी नजरेच्या रेषेत. आतला माणूस दिसायचा. कुणीतरी कधीतरी हातही करायचं. ते पुढे निघून जायचं आणि ही आपली त्याच एका खांबाभोवती गोल गोल फिरत राहायची. तरीही ती कुरकुरली नसती. पण एका सकाळी कंपनीच्या साहेबांनी सगळ्यांना गोळा करून आनंदाची बातमी दिली, की ही इमारत पुरी झाली की ही क्रेन उतरणार आणि पुढच्या कामावर नवी येणार. तिला वर खोलीच नाही. चालवणाऱ्याने खाली उभं राहून कमरेला बांधलेल्या डब्यावरची बटणं दाबायची. शिडी नाही, उंची नाही, कसला धोका नाही. सगळ्यांनी तिचं अभिनंदन केलं. तिने त्या दिवशी जेवणाचा डबा न उघडताच परत आणला.

तिला खाली राहायचं नव्हतं. एवढंच होतं, आणि एवढंच कुणाला समजावून सांगता येत नव्हतं. खाली ती एक ठेंगणी, अबोल, लग्न मोडलेली बाई होती, जिच्याबद्दल शेजारणींना सगळं ठाऊक होतं. वर तिच्याबद्दल कुणालाच काही ठाऊक नव्हतं, आणि वर तिचा श्वास मोकळा चालायचा.

जाहिरात दिसली ती एका बसच्या पाठीवर. दादाच्या मोटरसायकलवर मागे बसून ती घरी येत होती. बस पुढे होती, तिच्यावर हेलिकॉप्टरचं चित्र होतं आणि खाली ठळक अक्षरांत लिहिलेलं, उड्डाणाचा पूर्वानुभव आवश्यक नाही. बाकीचं बारीक होतं.

"दादा, त्या बसच्या मागे घे."

"आपल्याला डावीकडे वळायचंय."

"घे तू, सांगते ते ऐक."

दोघे त्या बसमागे शहराच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेले, तेव्हा कुठे शेवटची ओळ वाचून झाली. वयाच्या अटीत ती जेमतेम बसत होती. दादा आधी पोट धरून हसला. अगं, तू अजून विमानतळाच्या दारात उभी राहिली नाहीस, म्हणाला. मग तिच्या तोंडाकडे बघून हसायचा थांबला. आईचं म्हणणं वेगळं होतं. क्रेनला निदान पाय असतात, तुझ्या त्या यंत्राला काय आहे? 

पण अर्ज गेला आणि गंमत म्हणजे ती एकेक पायरी चढत गेली. लेखी परीक्षेसाठी तिने क्रेनच्या खोलीत बसून गणितं सोडवली. वैद्यकीय तपासणीत त्यांनी तिच्या मांड्यांची लांबीसुद्धा मोजली, कारण पाय पेडलपर्यंत पोहोचायला हवेत. ते पोहोचले, कसेबसे. मुलाखतीत एका साहेबांनी विचारलं, की यापूर्वी कधी हवेत गेला आहात का. "रोज जाते साहेब," ती म्हणाली, "आणि रोज परत खाली येते." सगळे हसले. त्या हसण्यावर ती कितीतरी दिवस तरंगत होती.

मग आली यंत्राची चाचणी. ही चाचणी माणसाला जन्मात दोनदाच देता येते, आणि दोन्हींच्या मध्ये वर्षभराचं अंतर ठेवावं लागतं. अंधाऱ्या खोलीत एक खुर्ची, गुडघ्यांच्या मध्ये एक दांडा, डाव्या हाताला दुसरा, पायांखाली पेडल. समोरच्या पडद्यावर एक ठिपका. तो चौकटीत धरून ठेवायचा, आणि तेवढ्यात कानातल्या आवाजाने सांगितलेले आकडेही मनात धरायचे. बाकीची मुलं घामाघूम होऊन बाहेर येत होती. ही आत बसली आणि तिला वाटलं, आपण घरीच आलो. ठिपका चौकटीत खिळल्यासारखा उभा राहिला. मागे उभ्या असलेल्या अधिकारी बाई, ज्या स्वतः पायलट होत्या, त्या खुर्चीजवळ येऊन बघायला लागल्या. आणि तेवढ्यात, उमेदवार बिचकतो का हे पाहण्यासाठी ठेवलेला धोक्याचा भोंगा शिट्टीसारखा कर्कश वाजला.

तिचे दोन्ही हात सुटले. अगदी व्यवस्थित, शिकवल्याप्रमाणे, मांडीवर येऊन बसले. ठिपका पडद्याच्या तळाला गेला आणि पडदा काळा झाला.

बाईंनी तिला बाहेर बाकावर बसवून विचारलं, की हात का सोडलेत. तिने क्रेनचं सगळं सांगितलं. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. "तिथे सोडलं की सगळं थांबतं," त्या म्हणाल्या. "इथे सोडलं की काहीच थांबत नाही. पुढच्या वर्षी या. हात उत्तम आहेत तुमचे, फक्त सोडू नका."

पुढच्या वर्षी म्हणजे वयाची अट संपायच्या अगदी काठावर. म्हणजे एकच संधी, आणि तीही शेवटची. साइटवर मजले चढत होते आणि प्रत्येक मजल्यागणिक क्रेन उतरायचा दिवस जवळ येत होता. तिची झोप उडाली, अंगावरचं मांस उतरलं. दादा म्हणाला, सवय लावली मी, मोडूही मीच. त्याने आपली जादाची शिट्टी आणून आईच्या हातात ठेवली.

त्यानंतर त्या घरात जे सुरू झालं ते शेजाऱ्यांनी कसं सहन केलं, तेच जाणोत. ही स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसे, गुडघ्यांच्या मध्ये झाडूचा दांडा, डाव्या हातात लाटणं. आई आपली कामं करत राहायची आणि मनात येईल तेव्हा शिट्टी फुंकायची. भांडी घासता घासता, दूध ओतता ओतता, एकदा तर न्हाणीघरातून. सुरुवातीला लाटणं दरवेळी जमिनीवर. मग कधी पडायचं, कधी नाही. आईला त्यात अशी काही गोडी लागली की ती मुलीच्या खनपटीलाच बसली. फुंकायची आणि वर ओरडायची, धर, धर घट्ट! हळूहळू शिट्टी ऐकली की मुठी आवळायला लागल्या. एका संध्याकाळी ती मुद्दाम दोन पिशव्या भरून टोमॅटो घेऊन पोलिसाच्या चौकात जाऊन उभी राहिली. शिट्टी वाजली. पिशव्या हातात होत्या. ती घरी आली, टोमॅटो ओट्यावर ठेवले, आणि आईने पदराने डोळे पुसले.

या खटाटोपातले तिघेही तसे शहाणे, पण एवढी साधी गोष्ट तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आली नाही, की हेच हात सकाळी क्रेनवरही जाणार आहेत. साइटवर शिट्टी रोज वाजते असं नाही. चांगल्या साइटवर ती महिनोन् महिने वाजत नाही, आणि ही चांगली साइट होती.

त्या दिवशी ती तयार भिंतीचा एक मोठा तुकडा वरच्या मजल्यावर बसवत होती. भिंत जवळजवळ टेकलीच होती. दादा तिच्याखाली लोखंडी पट्टी सरकवत होता, भिंत सरळ बसावी म्हणून. हे काम तो हाताने करत असे, तसं करायचं नसतं तरी सगळेच करतात. पट्टी अडकली, त्याची बोटं अजून भिंतीखालीच होती. त्याच्या दातांत शिट्टी होती, ती त्याने जिवाच्या आकांताने फुंकली. वरच्या खोलीत ती वॉकीटॉकीतून लख्ख ऐकू आली. आणि तिने दांडा धरला. घट्ट धरला, स्वयंपाकघरात धरायची तसाच. क्षणभर तिला बरंसुद्धा वाटलं. पुढचा आवाज आला तो शिट्टीचा नव्हता.

दादाच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली.

ती शिडी कशी उतरली ते तिला आठवत नाही. दवाखान्यात त्याच्या खाटेशी उभी राहिली तेव्हा चौकशीचे साहेब येऊन गेलेले होते. दादाने त्यांना सांगून टाकलं होतं, की शिट्टी मीच उशिरा वाजवली, हात आधीच आत गेला होता, वरचीचा काही दोष नाही. तिने तोंड उघडायला आणि त्याने उजव्या हाताने तिचं मनगट पकडायला एकच गाठ पडली.

"गप्प बस. अपघात नावावर लागला तर लष्करवाले तुला दारात उभं करणार नाहीत."

"दादा, अरे, तू वाजवलीस. मला ऐकू आली."

"मला माहीतय तुला ऐकू आली ते. बोटंही गेली आणि तूही गेलीस, असं नको व्हायला. दोन्हींतलं एक तरी राहू दे."

ती गप्प बसली. तिच्या आयुष्यात तिने केलेलं सगळ्यात वाईट काम म्हणजे ते गप्प बसणं, आणि हे तिला तेव्हाही कळत होतं. वहिनी तिच्याशी बोलायची बंद झाली नाही, उलट जास्तच गोड बोलायला लागली, आणि ते ऐकताना जमीन दुभंगेल तर बरं असं हिला व्हायचं. दादाला गोदामात बसवलं. एका हाताने तो खिळ्यांची पुडकी लावायचा. ती वर जाऊन काम करायची, नव्या माणसाच्या इशाऱ्यावर, आणि प्रत्येक वजन उतरवताना खालच्या माणसाचे हात कुठे आहेत ते आधी बघायची. आईने शिट्टी कुठेतरी लपवून टाकली होती. घरात आता ताट वाजलं तरी सगळे दचकत.

दुसऱ्या चाचणीला जाताना दादा तिला सोडायला आला. मोटरसायकल त्याला आता चालवता येत नव्हती, म्हणून दोघे बसने गेले. दारापाशी तो म्हणाला, की आत गेल्यावर माझा विचार करू नकोस. असं सांगितल्यावर माणूस दुसरं काय करणार?

तीच अंधारी खोली, तीच खुर्ची, त्याच बाई. त्यांनी तिला ओळखलं आणि मान हलवली. ठिपका चौकटीत आला, आकडे यायला लागले, तिने ते धरले. हात आजही उत्तम होते. तिला माहीत होतं की भोंगा येणार आहे. वर्षभर ती त्याच एका आवाजाची वाट बघत होती. मुठी आवळायच्या, एवढंच करायचं होतं, आणि ते तिला येत होतं, त्याची तर किंमत चुकवून झाली होती. भोंगा वाजला. तिला पडदा दिसेनासा झाला आणि भिंतीखालची पट्टी दिसली.

हात सुटले.

बाई या वेळी काही विचारायला आल्या नाहीत. दार उघडून धरलं आणि ती बाहेर पडताना तिच्या खांद्यावर हात ठेवला, एवढंच.

दादा समोरच्या चहाच्या टपरीवर बसला होता. तिला येताना पाहून तो उठला नाही. ती त्याच्या समोर बसली. टेबलावर त्याचा डावा हात होता, तो लपवायला दादा अजून शिकला नव्हता.

"सुटला," ती म्हणाली.



"दोन्ही?"

"दोन्ही."

"म्हणजे बोटं फुकट गेली," दादा म्हणाला आणि हसला. मग त्याला ते हसू आवरेना. टपरीवाला बघायला लागला, बाजूची माणसं बघायला लागली. तो टेबलावर डोकं टेकून हसत राहिला आणि कुठल्यातरी क्षणी ते हसू राहिलं नाही. ती त्याच्या पाठीवर हात फिरवत बसली. दोघांनाही चहा कुणी विचारला नाही.

दुसऱ्या सकाळी ती शिडीकडे न जाता साहेबांच्या खोलीत गेली आणि सांगितलं, की शिट्टी वेळेवर वाजली होती, मी ऐकली होती, मी हात सोडला नाही. का नाही सोडला, तेही सांगितलं, झाडू-लाटण्यासकट. साहेब आधी चिडले, मग दादाला बोलावून त्याच्यावर चिडले, मग डोक्याला हात लावून बसले. काम अर्ध्यावर, दुसरा क्रेनवाला मिळायला वेळ लागणार. शेवटी त्यांनी ठरवलं, की हिची फेरचाचणी घ्यायची. काँक्रीटचा चाचणीचा ठोकळा उचलायचा, उतरवायचा, मध्येच न सांगता शिट्टी वाजवायची. थांबली तर क्रेन उतरेपर्यंत वर, नाही थांबली तर आजच घरी. यात जिंकण्यासारखं फारसं काही नव्हतं. काही महिन्यांचं आकाश, आणि मग कमरेला डबा.

ती चढली. उशी होती तिथेच होती. वरून माणसं दिसत होती, टोप्या घातलेली, ठोकळ्याभोवती लांब गोल करून उभी. नदीपलीकडून एक हेलिकॉप्टर निघालं. तिने तिकडे पाहिलं नाही. ठोकळा उचलला, फिरवला, हळूहळू खाली घ्यायला लागली.

ठोकळा जमिनीपासून हातभर उरला असेल, तेव्हा त्या गोलातून एक माणूस बाहेर आला. चालण्यावरूनच तिने ओळखलं. साहेब ओरडत होते ते काचेतून ऐकू आलं नाही, नुसते हात दिसले. दादा ठोकळ्याजवळ गेला, गुडघ्यावर बसला, आणि त्याने आपला उजवा हात, धडधाकट हात, बोटं पसरून ठोकळ्याखाली जमिनीवर ठेवला. मग मान वर करून त्याने तिच्याकडे पाहिलं. त्याच्या दातांत शिट्टी होती.

तिने हात सोडले तेव्हा शिट्टी अजून पुरती वाजलीही नव्हती.